कोकोपीटमधली स्ट्रॉबेरी आणि पाण्यातले क्षार : नाशिककडच्या नव्या उत्पादकांसाठी

नाशिकची स्ट्रॉबेरी म्हटली की डोळ्यांसमोर सुरगाणा-बोरगावचा रस्ता येतो. थंडीत सापुताऱ्याकडे जाताना कडेला टोपल्या मांडून बसलेले शेतकरी, आणि त्यांच्यामागे उतारावरचे गादीवाफे. तिथे पाऊस धो धो पडतो, पाणी उतारावरून निघून जातं, क्षार साठायला जागाच मिळत नाही. तेच रोप आपण खाली दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे आणतो, शेडनेटमध्ये कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, पिशवीत लावतो आणि बोअरच्या पाण्यावर वाढवायला बघतो. रोप तेच असतं, पण त्याच्या मुळाशी येणारं पाणी वेगळं असतं.

मी दिंडोरी तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे, आणि गेली काही वर्षं एका शेडमध्ये स्ट्रॉबेरी करते. नव्यानं सुरू करणारे बरेचजण भेटायला येतात. त्यांचे प्रश्न रोप कुठून आणायचं, जात कोणती घ्यायची, भाव काय मिळतो, असे असतात. पाण्यातल्या क्षारांबद्दल क्वचितच कुणी विचारतं. आणि डिसेंबरात फोन येतो तेव्हा विषय हमखास तोच असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

द्राक्षाचा अंदाज इथे चालत नाही

आपण नाशिकचे शेतकरी द्राक्ष, कांदा आणि टोमॅटोच्या हिशेबाने विचार करतो. 'या पाण्यावर बाग चांगली चालते, मग स्ट्रॉबेरी का नाही चालणार?' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता आधी आकडेच सांगते. अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली पिकांच्या क्षार सोसण्याचे आकडे मांडले, ते आजही वापरले जातात. जमिनीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून गाळून काढलेल्या पाण्याची, ईसी (विद्युत वाहकता; क्षार जितके जास्त तितकी ती जास्त, इथले सगळे आकडे मिलीसीमेन प्रति सेंटिमीटरमध्ये) किती झाली की उत्पादन घटायला लागतं आणि त्यापुढे प्रत्येक १ ईसीमागे किती टक्के घटतं, असं ते मांडलेलं आहे. टोमॅटो २.५ पर्यंत सोसतो आणि पुढे प्रत्येक १ ला ९.९ टक्के घटतो. द्राक्ष १.५ आणि ९.६ टक्के. कांदा १.२ आणि १६ टक्के. स्ट्रॉबेरी १.० आणि तब्बल ३३ टक्के.

आता हिशेब करा. जमिनीची ईसी २ झाली तर टोमॅटोला काही होत नाही, द्राक्षात साधारण ५ टक्के घट येते, कांद्यात १३ टक्के. स्ट्रॉबेरीचा मात्र तिसरा हिस्सा गेला. ज्या पाण्यावर द्राक्षवेलीला काही जाणवतही नाही, त्या पाण्यावर स्ट्रॉबेरी झोपते. शिवाय आपल्या बहुतेक बागा डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या वेगळ्या जातीच्या मुळांवर, आहेत, आणि तो खुंट आपण घेतलाच मुळी क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून. स्ट्रॉबेरीला असा खुंट नाही. ती स्वतःच्या नाजूक मुळांवर उभी असते.

मातीविना शेतीत आणखी एक गोष्ट बदलते. जमिनीत मुळांना पसरायला जागा असते, चिकणमाती काही क्षार धरून ठेवते, पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं. पिशवीत एका रोपाच्या वाट्याला दोन-तीन लिटर कोकोपीट येतं. चूक झाली की दोन दिवसांत मुळाशी पोहोचते. पण दुरुस्तीही तितक्याच लवकर होते, हे लक्षात ठेवा. जमिनीतले क्षार धुवायला हंगाम जातो, पिशवीतले एका सकाळीत बरेचसे निघतात. मोजमाप ठेवणाऱ्याला म्हणूनच ही पद्धत सोयीची आहे.

आधी पाणी, मग बाकी सगळं

शेडचं कोटेशन मागवण्याआधी पाण्याचं परीक्षण करून घ्या. द्राक्षाचं देठ परीक्षण जिथे करता, ती प्रयोगशाळा पाणीही तपासते. नसेल तर आपल्या मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. बोअरचा नमुना पावसाळ्यानंतर एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा द्या, कारण पाणी खाली गेलं की त्याच बोअरची ईसी वाढलेली दिसते. नमुना घेताना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरा.

अहवाल हातात आला की पाच गोष्टी बघायच्या : ईसी, सामू (पीएच), सोडियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट. काही अहवालांत आकडे मिलीग्रॅम प्रतिलिटरमध्ये असतात, काहींत मिलीइक्विव्हॅलंटमध्ये. १ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम म्हणजे २३ मिलीग्रॅम, क्लोराइड म्हणजे ३५.५, बायकार्बोनेट म्हणजे ६१ आणि कॅल्शियम म्हणजे २०. हे चार आकडे शेडच्या दारावर लिहून ठेवा.

माझा स्वतःचा नियम सांगते. पाण्याची ईसी ०.५ च्या आत असेल तर निश्चिंत सुरू करा. ०.५ ते ०.७ मध्ये जमतं, पण निचरा, म्हणजे पिशवीखालून निथळणारं पाणी, जास्त ठेवावा लागतो. ०.७ च्या पुढचं पाणी मी एकटं वापरत नाही, कशात तरी मिसळून घेते. सोडियम ३० मिलीग्रॅमच्या आत उत्तम, ६०-७० च्या पुढे डोकेदुखी. क्लोराइड ५० च्या आत उत्तम, १०० च्या पुढे नको.

नुसती ईसी बघून का भागत नाही, तर ईसी क्षारांची एकूण बेरीज सांगते, कोणते क्षार ते सांगत नाही. एका बोअरची ईसी ०.७ आहे आणि ती मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियमची आहे. दुसऱ्याचीही ०.७ आहे, पण सोडियम आणि क्लोराइडची. पहिल्यातलं कॅल्शियम रोप खातं. दुसऱ्यातलं सोडियम रोपाला जवळजवळ नकोच असतं, ते मुळाशी पडून राहतं आणि रोज थोडं थोडं वाढत जातं. क्लोराइड तर पानात चढतं आणि जुन्या पानांच्या कडांना जाऊन बसतं.

ईसी म्हणजे टाकीतली जागा, असंही समजा. रोपाला द्यायच्या द्रावणाची ईसी १.२ ठेवायची आहे आणि पाणीच ०.८ चं आहे, तर खताला जागा उरली ०.४ ची. तेवढ्यात रोप उपाशी राहतं. म्हणून लोक ईसी १.८ करतात आणि तिथूनच घसरण सुरू होते.

शेततळं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. कागद टाकलेल्या तळ्यात पावसाचं किंवा धरणाचं पाटाचं पाणी साठवलं आणि बोअरच्या पाण्यात मिसळलं की प्रश्न सुटतो. मिसळण्याचा हिशेब सरळ आहे. बोअर १.१ ची, तळं ०.२ चं आणि आपल्याला ०.५ हवी, तर एक भाग बोअर आणि दोन भाग तळं. पडताळून बघा : १.१ अधिक ०.२ अधिक ०.२ म्हणजे १.५, भागिले ३, उत्तर ०.५. मात्र तळं भरताना पावसाचं पाणी वरून येऊ द्या, बोअर त्यात सोडू नका. दोन्ही टाक्या वेगळ्या असतील तर मिश्रण आपल्या हातात राहतं. उन्हाळ्याकडे तळ्यातलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून फेब्रुवारीनंतर तळ्याचीही ईसी दर आठवड्याला मोजा.

दोन गोष्टींवर पैसे घालवू नका. मिठावर चालणारा सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. भांड्यांवर डाग पडू नयेत म्हणून घरात तो ठीक आहे, स्ट्रॉबेरीला तो विषासारखा आहे. आणि पाइपवर बसवायच्या चुंबकाने ईसी कमी होत नाही. विकणाऱ्याला चुंबकाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी तुमच्यासमोर मीटरवर दाखवायला सांगा. आरओ खरंच उपयोगी आहे, पण त्यातून बाहेर पडणारं जास्त क्षाराचं पाणी कुठे सोडणार ते आधी ठरवा. त्याच विहिरीत परत मुरलं तर काही वर्षांत विहीरच मचूळ होईल. निफाड-येवल्याकडे कालव्याखालच्या चोपण झालेल्या जमिनी आपण बघतोच.

मीटर घ्या, आणि तो खरं बोलतो का ते बघा

एक ईसी मीटर आणि एक सामू मीटर. रोपांच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. सोबत १.४१३ ईसीचं प्रमाण द्रावण मिळतं, त्यात दर पंधरा दिवसांनी मीटर बुडवून तपासा. मीटरवर १४१३ असा आकडा आला तर गोंधळू नका, ते मायक्रोमध्ये आहे, हजाराने भागायचं. पीपीएमचा पर्याय वापरू नका. वेगवेगळ्या कंपन्या ईसीला वेगवेगळ्या आकड्याने गुणून पीपीएम दाखवतात, मग तुमचे ७०० आणि शेजाऱ्याचे ७०० एकच राहत नाहीत. बोलायचं ते ईसीतच.

कोकोपीट : माझी पहिली चूक

नारळाच्या सोडणापासून कोकोपीट होतं. सोडण किनाऱ्याकडे खाऱ्या-मचूळ पाण्यात कुजवलेलं असेल तर त्यात सोडियम आणि क्लोराइड भरपूर असतं. आणि पोटॅशियम तर नारळाच्या सालीत मुळातच असतं.

पहिल्या वर्षी मी 'धुतलेलं' असं पिशवीवर लिहिलेलं कोकोपीट आणलं आणि विश्वास ठेवला. एकदा पाण्याने भिजवलं, पिशव्या भरल्या, रोपं लावली. बाराव्या दिवशी जुन्या पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. मला वाटलं करपा. बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या काढल्या, काही फरक नाही. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, तीस वर्षं बाग सांभाळलेला माणूस. ते शेडमध्ये आले, पिशवीखालच्या ट्रेमधल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "सूनबाई, हे पाणी तर मचूळ लागतंय गं." त्या संध्याकाळी मीटर मागून आणला. टाकीतलं द्रावण १.२ होतं, ट्रेमधलं ३.८. तुम्ही मात्र चाखून बघू नका, त्यात खतं असतात. मीटरच घ्या. त्या वर्षी माझी दहातली चार रोपं गेली आणि उरलेली जानेवारीपर्यंत खुरटून राहिली.

नुसत्या पाण्याने धुऊन का भागलं नाही, ते नंतर कळलं. कोकोपीटमधले सगळे क्षार पाण्यात मोकळे नसतात. सोडियम आणि पोटॅशियमचा मोठा भाग तंतूंना चिकटलेला असतो. साधं पाणी त्याला हलवत नाही. पण आपण कॅल्शियमचं खत द्यायला लागलो की कोकोपीट कॅल्शियम धरतं आणि सोडियम-पोटॅशियम सोडतं. म्हणजे एकाच वेळी रोपाचं कॅल्शियम जातं आणि मुळाशी सोडियम वाढतं. म्हणून ही अदलाबदल रोप लावण्याआधीच उरकून घ्यायची.

मी असं करते. ५ किलोच्या एका ब्लॉकसाठी १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. ते २५-३० लिटर चांगल्या पाण्यात विरघळवून त्यात ब्लॉक फुगू द्यायचा. हाताने गाठी मोडायच्या, सगळीकडे द्रावण पोहोचलं पाहिजे. चोवीस तास तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाणी निथळू द्यायचं, ते चहाच्या रंगाचं येतं. मग तळ्याच्या पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, दर वेळी पूर्ण निथळू द्यायचं. बोअरच्या पाण्याने धुतलंत तर केलेलं सगळं वाया.

झालं की नाही, हे तपासायची पद्धत सोपी आहे. ओलसर कोकोपीट एक वाटी आणि डिस्टिल्ड पाणी दीड वाटी. ढवळा, अर्धा तास ठेवा, फडक्यातून गाळा आणि मीटर बुडवा. ०.५ च्या आत आलं तर लागवड करा, नाहीतर आणखी एकदा धुवा. नमुना एकाच ब्लॉकचा घेऊ नका, पाच-सहा ठिकाणचा घ्या. एकाच गाडीतल्या दोन ब्लॉकमध्ये दुपटीचा फरक मी पाहिला आहे.

लागवड

आपल्याकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला या जाती महाबळेश्वरकडून आणि रोपवाटिकांतून मिळतात. क्षार सोसण्यात जातीजातीत फरक असतो. युरोपात एल्सांटा आणि कोरोना या जातींवर काम झालं, त्यात एल्सांटा जास्त नाजूक आणि कोरोना काटक ठरली. पण आपल्याकडच्या जातींत अमुक एक क्षार सोसते असं कुणी सांगून महाग रोप विकत असेल तर सावध राहा. स्ट्रॉबेरीतली काटक जातसुद्धा टोमॅटोच्या जवळपास येत नाही.

क्राऊन, म्हणजे मुळं आणि पानं जिथे जुळतात तो रोपाचा गड्डा, कोकोपीटच्या पातळीवर ठेवा. खोल गेला तर कुजतो, आणि वर राहिला तर नवी मुळं कोरड्या, क्षार जमलेल्या थरात फुटतात. पाणी खालून वर चढून उडतं तेव्हा क्षार पृष्ठभागावर सोडून जातं, तो पांढुरका थर दिसतोच. पहिले दहा दिवस द्रावणाची ईसी ०.८ च्या पुढे नेऊ नका. या काळात मुळी पांढरी फुटली पाहिजे, पाला वाढवायची घाई नको.

खत : काय द्यायचं, काय नाही

पाण्याची ईसी धरून एकूण द्रावण लागवडीनंतर ०.८ ते १.०, वाढीत १.० ते १.२ आणि फुलं-फळं लागल्यावर १.२ ते १.४ एवढं मी ठेवते. सामू ५.५ ते ६.२. आपलं बोअरचं पाणी साडेसात-आठच्या सामूचं आणि बायकार्बोनेटने भरलेलं असतं, त्यामुळे नायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड लागतं. हातमोजे आणि चष्मा घाला. आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड थोडं थोडं सोडा, उलट कधीच नाही.

पोटॅशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश अजिबात नको, ते अर्धं क्लोराइड आहे. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) किंवा ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) वापरा. कॅल्शियमसाठी कॅल्शियम नायट्रेट, कॅल्शियम क्लोराइड नको. बाकी ०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं. कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळी, सल्फेट आणि फॉस्फेटची वेगळी. एकत्र घट्ट द्रावण केलं तर खाली चुन्यासारखा गाळ बसतो, ड्रिपर बंद पडतात, आणि बंद ड्रिपरखालचं रोप सगळ्यात आधी क्षाराने जातं.

बरेचजण फळ गोड व्हावं म्हणून ईसी वाढवतात. थोड्या क्षाराच्या ताणाने गोडी वाढते हे खरं आहे, पण फळ लहान होतं आणि तोल गेला की रोप बसतं. नव्या माणसाने या वाटेला जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्या थंड रात्री फळाला पुरेशी गोडी देतात.

टाकी नव्हे, निचरा मोजा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. टाकीची ईसी आपण काय वाढलं ते सांगते. रोपाने काय खाल्लं आणि काय टाकलं, ते पिशवीखालून येणारं पाणी सांगतं.

शेडच्या मधली, कडेची नव्हे, एक पिशवी निवडा. तिच्याखाली ट्रे ठेवा, सगळं निथळलेलं पाणी त्यात यायला हवं. शेजारी एक जादा ड्रिपर बाटलीत सोडा. समजा पिशवीला चार ड्रिपर आहेत आणि दिवसभरात बाटलीत ५०० मिली आलं, म्हणजे पिशवीला २ लिटर मिळालं. ट्रेमध्ये ५०० मिली असेल तर निचरा २५ टक्के. रोज एकाच वेळी, मी दुपारी बाराला, चार आकडे वहीत लिहायचे : दिलेल्या द्रावणाची ईसी, निचऱ्याची ईसी, निचऱ्याचा सामू, निचऱ्याचे टक्के. रोज सात-आठ मिनिटं लागतात.

टक्क्यांना एवढं महत्त्व का, ते सोडियमच्या उदाहरणाने कळेल. समजा पाण्यात ४० मिलीग्रॅम सोडियम आहे आणि रोप ते घेतच नाही. आत आलेलं सगळं सोडियम निचऱ्यातूनच बाहेर पडायला हवं. निचरा २५ टक्के असेल, म्हणजे चार भाग पाणी आत आणि एक भाग बाहेर, तर त्या एका भागात चौपट सोडियम असणार : १६० मिलीग्रॅम. निचरा ४० टक्के केला तर १००. आणि पाणी वाचवायचं म्हणून १० टक्क्यांवर आणला तर ४००. मूळ त्याच पाण्यात बसलेलं असतं. ठिबक म्हणजे पाण्याची बचत, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. इथे मात्र निचऱ्यातून गेलेलं पाणी क्षार वाहून नेतं, त्याला नासाडी म्हणू नका. चांगल्या पाण्यावर २० ते २५ टक्के आणि ०.६-०.७ च्या पाण्यावर ३५ टक्क्यांपर्यंत निचरा ठेवा.

निचऱ्याची ईसी दिलेल्या द्रावणापेक्षा ०.३ ते ०.५ ने जास्त असेल तर सगळं ठीक. निचरा दिलेल्यापेक्षा कमी आला तर रोप भुकेलं आहे, खत थोडं वाढवा. फरक ०.५ च्या पुढे जायला लागला तर पाण्याची एक पाळी वाढवा. निचरा २.० वर गेला तर त्याच दिवशी धुवायला घ्या. हा २.० चा आकडा आणि वर सांगितलेला जमिनीचा १.० यात विसंगती नाही. संपृक्त अर्कात जास्त पाणी घालून मोजलेलं असतं, मुळाभोवतीचं खरं पाणी त्याच्या साधारण दुप्पट घट्ट असतं.

पाणी एकदम न देता थोडं थोडं, अनेकदा द्या. मी रोपाला एका पाळीत ६० ते ८० मिली देते, थंडीत तीन-चार पाळ्या, फेब्रुवारीच्या उन्हात सहा-सात. पहिली पाळी ऊन वर आल्यावर तासाभराने, शेवटची सूर्यास्ताच्या दोन तास आधी. कोकोपीट कोरडं होऊ द्यायचं नाही. अर्धं पाणी उडालं की मुळाभोवतीची ईसी दुप्पट होते, टाकीत तुम्ही काहीही ठेवलेलं असो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा पस्तिशीकडे गेला की रोप पाणी जास्त पितं आणि खत कमी खातं. तेव्हा द्रावण ०.२ ने पातळ करा.

सकाळी पानांकडे बघा

थंडीत सकाळी सात वाजता शेडमध्ये जा आणि खाली वाकून कोवळ्या पानाची कड बघा. स्ट्रॉबेरीच्या पानाला करवतीसारखे दाते असतात. निरोगी रोपाच्या प्रत्येक दात्याच्या टोकावर एक-एक थेंब असतो, ओळीने, मोत्याच्या सरीसारखा. हे दव नव्हे. दव पानभर पसरतं, हे थेंब फक्त टोकांवर येतात. रात्री पान पाणी उडवत नाही तेव्हा मुळं दाबाने पाणी वर ढकलतात आणि ते दात्यांतून बाहेर येतं. याच पाण्याबरोबर कोवळ्या पानाला आणि कळीला कॅल्शियम पोहोचतं. मुळाशी क्षार वाढले की हा दाब पडतो आणि थेंब येईनासे होतात. हवा फार कोरडी असेल तरी थेंब कमी दिसतात, पण काल होते, आज नाहीत आणि हवा तशीच आहे, तर मी आधी निचरा मोजते. पान करपण्याच्या चार-पाच दिवस आधी हे थेंब मला सावध करतात.

करपलेलं पान वाचायला शिका. जुन्या पानाची कड सलग, पट्टीसारखी तपकिरी झाली असेल आणि आतलं पान हिरवं असेल तर बहुधा क्षार. सुटे गोल ठिपके, भोवती जांभळी कड, तर बुरशी. अगदी नव्या, अजून न उघडलेल्या पानाचं टोक काळं पडून मुरडलं असेल तर कॅल्शियम पोहोचलेलं नाही, आणि त्यामागेही बऱ्याचदा वाढलेली ईसीच असते. रोप कोमेजलं आणि शंका असेल तर एक रोप उपटून क्राऊन उभा चिरा. आत लालसर-तपकिरी दिसलं तर रोग. आत पांढरा स्वच्छ आणि मुळांची टोकं मात्र तपकिरी, तर क्षाराकडे बघा. मी केलेल्या त्या दोन फवारण्या एका चिरलेल्या क्राऊनने वाचल्या असत्या.

धुवायचं कसं

नुसत्या पाण्याने धुऊ नका, सोडियमबरोबर कॅल्शियमही निघून जातं. तळ्याच्या पाण्यात कॅल्शियम नायट्रेट घालून ईसी ०.५ ते ०.६ करा, सामू ५.८ च्या आसपास. सकाळी नऊला सुरू करा. एकदम तासभर ड्रिप चालवलं तर पाणी ठरलेल्या वाटांनी खाली जातं आणि कोपऱ्यातले क्षार तसेच राहतात. त्याऐवजी पाच-सात मिनिटं द्या, वीस मिनिटं थांबा, पुन्हा द्या. दर पाळीनंतर निचरा मोजा. ३ वरून २.४, मग १.९ असं उतरताना दिसतं. १.२ च्या आसपास आलं की थांबा आणि दुपारनंतर नेहमीचं द्रावण थोडं पातळ करून सुरू करा. संध्याकाळी धुऊ नका, रात्रभर मुळं गार पाण्यात बसतात. जळलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही, तिची वाट बघू नका. नवं पान स्वच्छ येतंय का, एवढंच बघा. अगदी सुकलेली जुनी पानं काढून टाका.

निचऱ्याचं पाणी आणि जुनं कोकोपीट

निचरा शेडखाली मुरू देऊ नका. आम्ही नाली काढून तो खड्ड्यात जमवतो आणि बांधावरच्या नारळांना आणि हत्ती गवताला आलटून पालटून देतो. त्यात नत्र-पालाश असतंच. सोडियमवाला निचरा एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं सोडला तर तो तुकडा चोपण होतो, म्हणून जागा बदलत राहा, आणि विहिरीपासून लांब.

मार्चअखेर पीक संपलं की रोपं कापून काढा. रोग नसेल तर कोकोपीट आणखी एक हंगाम चालतं. पिशव्या मोकळ्या जागी ठेवून पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत भिजू द्या, तळाची छिद्रं उघडी आहेत ना ते बघून. सप्टेंबरात पुन्हा तीच एक वाटी-दीड वाटीची चाचणी, आणि ०.५ च्या वर आलं तर कॅल्शियम नायट्रेटचा एक हात. दोन हंगामांनंतर तंतू बसतात, हवा खेळत नाही, तेव्हा ते कोकोपीट द्राक्षाच्या बोदांवर शेणखतात मिसळून टाका. आमच्या बागेत त्या ओळींत पांढरी मुळी चांगली दिसते.